आरतीला मी दिलेल्या कॅप्सूल

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही. तुमच्यापाशी बोलते, कारण आता रागच इतका साठलाय — माझाच मला.

आष्टीत माझं मेडिकल आहे. रोज कुणीतरी येतं — ताई, पोरीच्या तोंडावर फोड आलेत, एखादी गोळी द्या ना! मी खेकसते, चिठ्ठी कुठाय? लोक म्हणतात, बाई लई कडक. कडक म्हणे! तेव्हा कुठं गेला होता हा कडकपणा?

आरती माझ्या भावाची मुलगी. दादा-वहिनी मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असतात, म्हणून ती शिकायला माझ्याकडे होती. अकरावीला. तोंड फोडांनी भरलेलं. बीडच्या त्वचेच्या डॉक्टरांनी तिला जोरकस कॅप्सूल सुरू केल्या आणि बजावलं — सोबत दुसरं काहीही मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. सुरुवातीला फोड वाढतील, घाबरू नका, हेही सांगितलं.

वाढलेच. पोरगी ओढणीत तोंड झाकून कॉलेजला जायची. मला बघवेना — छे, हे खोटं. मला धीर नव्हता. आत्याचं मेडिकल असून पोरीचं तोंड असं, हे लोकांनी बोललेलं मला खपत नव्हतं. मग दुकानातली डॉक्सीसायक्लिन काढून दिली. फोडांना तीही देतातच की! देतात — पण त्या कॅप्सूलसोबत कधीच नाही. दोन्ही एकत्र गेल्या तर मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो, नजर जाऊ शकते. मला माहीत नव्हतं? शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं. आपल्या घरात असं व्हायचं नाही, असं वाटलं — एवढंच.

मग ती म्हणायला लागली, "आत्या, लई डोकं दुखतंय. वाकलं की डोळ्यापुढं अंधारतंय."

मी काय केलं? मोबाईल काढून घेतला. शेजारीपाजारी सगळे तेच म्हणत होते, मोबाईलनं होतंय, आणि मला ते किती सोयीचं होतं! ती पुन्हा सांगायला आली की मी ओरडायची. नाटकं करू नको म्हणायची. आणि दोन्ही कॅप्सूल चालूच.

दादा भेटायला आला तेव्हा ती चालता चालता दाराच्या चौकटीला धडकली. त्यानं तिला तसंच नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डोळ्यामागची नस सुजलीय, डॉक्टर म्हणाले. आणि विचारलं, आणखी काही औषध चालू आहे का?

आरतीनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "नाही. बीडच्या कॅप्सूल तेवढ्या."

तिला दाखल केलं. पाठीत सुई घालून पाणी काढलं. बीडच्या कॅप्सूल डॉक्टरांनी बंद केल्या, माझ्या मी गुपचूप. नंतर दादा बीडला जाऊन त्या डॉक्टरांवर तुटून पडला. त्यांनी एवढंच विचारलं, सोबत दुसरं काही घेतलं होतं का?

"माझी बहीण मेडिकलवाली हाय," दादा गरजला. "तिला कळत न्हाई व्हय?"

मी त्याच्या शेजारीच उभी होते.

डोकेदुखी गेली. डाव्या डोळ्याची एक बाजू मात्र अंधारीच राहिली, ती परत आली नाही. पोलीस भरतीसाठी धावायला जायची पोरगी, तिनं ते सोडलं. एकदा, आम्ही दोघीच घरात असताना, मी तिला विचारलं, बापाला का गं सांगितलं नाहीस?

"तू न्हाई म्हणलीस," ती म्हणाली. "मग मी काय सांगणार?"

दादाला अजून ठाऊक नाही. पोरीच्या दुखण्यात बहीण धावली, म्हणून दरवर्षी तो मला साडी आणतो. मी ती घेते. नेसते.