अफगाणिस्तानकडून खेळलेली आमची पोर

आमची मुलगी हिंगोलीच्या कॉलेजात जायला लागली आणि थोड्याच दिवसांत फुटबॉलचे बूट घेऊन घरी आली. तळाला बोंडांसारखे गोळे असलेले ते बूट पाहून मला वाटलं, दुकानदारानं हिला फसवलं.

"आई, कॉलेजात पोरींची टीम हाय. मला घेतलं त्यात," ती म्हणाली.

शिरड शहापुरात तोवर फुटबॉल कुणी खेळत नव्हतं. पोरं क्रिकेट खेळायची, जरा दांडगी असलेली कबड्डी खेळायची, आणि माझ्या मालकांच्या वयाची माणसं संध्याकाळी शाळेच्या पटांगणात व्हॉलीबॉल. मालक एकेकाळी गावाच्या व्हॉलीबॉल संघाचे कप्तान होते. पोरगी खेळते याचा त्यांना आनंद झाला, फक्त खेळ पायानं खेळायचा हे काही त्यांना पटलं नाही. "देवानं हात कशाला दिलेत मग?" ते म्हणायचे.

त्याच वर्षी आमच्या हळदीच्या रानात विद्यापीठानं प्रयोगाचे वाफे घातले. हळदीचा कंद जमिनीत कुजतो, त्यावर कुठलं औषध चालतं ते बघायचं होतं. ते काम करणारा विद्यार्थी अफगाणिस्तानातून इकडं शेतीशास्त्र शिकायला आलेला होता. पावसाळ्यात तो अधूनमधून यायचा. काढणी सुरू झाली तेव्हा मात्र मुक्कामालाच आला. आमच्या माडीवरची खोली रिकामी होती, ती त्याला दिली.

गावानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव पठाण ठेवलं. तो हात जोडून सांगायचा, "मी पठाण न्हाई, मी ताजिक हाय. आमच्याकडं पठाण येगळे, ताजिक येगळे." लोक म्हणायचे, "बरं, ताजिक पठाण." मराठी तो हळद काढणाऱ्या बायांकडून शिकला होता, त्यामुळे त्याच्या बोलण्यात व्हय, न्हाई, काहून हे सगळं बायांच्याच ठसक्यात यायचं. त्याचे वडील हेरातजवळ केशर पिकवत. एका मुठीत मावणाऱ्या केशरासाठी त्यांचं सगळं घर पहाटे फुलं खुडायला जातं असं त्यानं सांगितलं तेव्हा आमच्या बाया हसून म्हणाल्या, "इकडं ये म्हणावं, पोत्यानं देतो पिवळं."

रमजान लागला तेव्हा हळद शिजवायचं काम ऐन भरात होतं. कुकरच्या वाफेत, मार्चच्या उन्हात हा दिवसभर पाणी न पिता वाफ्यावाफ्याचं वजन करायचा. संध्याकाळी त्याचा रोजा आमच्याच ओसरीवर सुटायचा. पलीकडच्या गल्लीतल्या किराणावाल्या चाचांच्या घरून खजूर आणि भजी यायची, मी गरम भाकरी आणि वरण वाढायची. खाताना तो आणि माझी मुलगी फुटबॉलवर बोलत बसायचे. घरात पहिल्यांदाच तिला या विषयावर बोलायला कुणी मिळालं होतं.

एका संध्याकाळी तो जरा बुजून म्हणाला, "काकू, मंगळवारी मॅच हाय. तुमचा देश आन् माझा देश. वर्ल्ड कपला जायचं तर आधी आशियात जिंकावं लागतं, त्यातली."

मला हेही ठाऊक नव्हतं की भारत असल्या सामन्यांत खेळतो. मुलीनं समजावून सांगितलं. आशियातले देश गटागटांनी एकमेकांशी खेळतात, एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या घरी. त्या मंगळवारच्या चार दिवस आधी हेच दोन संघ खेळले होते आणि एकही गोल झाला नव्हता. तो सामना अफगाणिस्तानचा घरचा होता, पण झाला सौदी अरबस्तानात.

"घरचा असून सौदीत काहून?" मालकांनी विचारलं.

"आमच्याकडं कोणी येत न्हाई, काका," तो म्हणाला. "आमचं घरचं मैदान दर वेळेला दुसऱ्याच्या देशात असतं."

मंगळवारी मालकांनी स्वतःच टीव्ही ओसरीवर आणून ठेवला.

त्या दिवशी रोजा सुटला आणि थोड्याच वेळात खेळ सुरू झाला. सामना आसामात होता. एका बाजेवर आम्ही तिघं, समोरच्या खुर्चीवर तो एकटा. मला ते बरं दिसेना म्हणून मी उठून त्याच्या बाजूला जाऊन बसले. पहिल्या अर्ध्या भागात आपल्या कप्तानानं पेनल्टीवर गोल केला. मुलगी उडी मारून ओरडली. तो हळूच टाळी वाजवून म्हणाला, "चांगला मारला."

दुसऱ्या भागात त्यांनी बरोबरी केली. तो खुर्चीच्या कडेवर सरकला. आणि खेळ संपत आला असताना पंचानं अफगाणिस्तानला पेनल्टी दिली.

"ही पेनल्टी बराबर हाय का?" मालकांनी मुलीला विचारलं.

तिचं तोंड एवढंसं झालं होतं. तरी ती म्हणाली, "बराबर हाय, बाबा. आपल्याच माणसानं पाडलं त्याला."

गोल झाला. थोड्या वेळानं खेळ संपला. आपण आपल्याच घरी हरलो होतो. पाहुणा मान खाली घालून, दोन्ही हात मांड्यांत दाबून बसलेला. मला वाटलं याला रडू येतंय. मालक उठले, त्याच्यापुढं जाऊन हात पुढं केला. "जिंकले तुमी. बराबर खेळले."

त्यानं हात हातात घेतला. मग माझ्याकडं बघून अगदी बारीक आवाजात म्हणाला, "काकू, मला वरडायचं होतं."

"अरे, मग वरड की! घर तुझंच हाय."

तो जिना चढून गच्चीवर गेला आणि असा ओरडला की मारुतीच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली. शेजारीण धावत दारात आली. "पठाणाला इंचू चावला का वं?"

"न्हाई," मी म्हटलं, "त्याचा देश जिंकला."

दुसऱ्या दिवशी ही बातमी गावभर झाली. पोरांना पहिल्यांदा वाटलं क्रिकेटात हरलो. फुटबॉलात हरलो म्हटल्यावर एकानं विचारलं, "आपण कवा खेळून राहिलो फुटबॉल?" पण हरलो म्हणजे हरलो, ते काही त्यांना सहन होईना. आमच्या समोरच्या घरातला एक तरणा होता, तालुक्यात नाव असलेला कबड्डीचा गडी. तो आमच्या ओसरीवर येऊन पठाणाला म्हणाला, "ईद होऊ दे तुझी. मग तुझे दोस्त घेऊन ये. इथं आमच्या मैदानात खेळू."

सात-सात जणांचा सामना ठरला. गोलात कोण उभं राहणार यावर चर्चाच झाली नाही. ज्याला बॉल हातानं धरता येतो तो माणूस गावात एकच होता, माझे मालक. मुलगी म्हणाली, "मला पण घे. मी रोज खेळते."

कबड्डीवाला हसला. "तुला लागंल-बिगंल. पोरींनी बघायला यावं, टाळ्या वाजवाव्या."

ती आत येऊन भांडी आपटत राहिली. जेवताना बापाला म्हणाली, "तुमी कायच बोलले न्हाई." मालक म्हणाले, "टीम त्याची हाय, बाई." त्या रात्री ती भाकर अर्धी ठेवून उठली.

ईदनंतरच्या रविवारी सकाळी विद्यापीठातून पाहुण्याच्या अफगाण दोस्तांची जीप आली. उन्हं तापायच्या आत खेळ उरकायचा होता. शाळेच्या पटांगणात दोन्ही टोकांना बांबू रोवले होते, चुन्यानं रेघा मारल्या होत्या, आणि गावातली झाडून सगळी माणसं भिंतीवर, ट्रॉलीवर, जागा मिळेल तिथं बसली होती. शाळेतले खेळाचे सर शिट्टी घेऊन तयार होते. जीपमधून लाल सदरे घातलेली पोरं उतरली, पण एक कमी. एकाला आदल्या दिवसापासून ताप होता.

मालक लगेच म्हणाले, "आमी पण एक कमी करतो. सहा-सहा खेळू."

आमचा पाहुणा विचार करत उभा राहिला. मग मुलीकडं बोट करून म्हणाला, "एक कमी काहून? ही द्या आमाला."

एकदम गलका झाला. कुणी म्हणे, आपलीच पोर आपल्याच विरोधात कशी. कुणी म्हणे, परक्या पोरांत कशी. कबड्डीवाला तर म्हणाला, "हिला घेऊन काय करनार तू?"

तेव्हा तो मालकांकडं वळला. "काका, माझी लहान बहीण शाळेच्या टीममधी होती. माझ्यापेक्षा चांगली खेळायची. आता तिकडं पोरींचं खेळणं बंद झालं, शाळा बी बंद झाली. ती घरात हाय. आमच्या टीममधी एक जागा तिची हाय. तिच्या जागेवर ही खेळली तर बरं वाटंल."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मुलीनं तोवर चपला काढल्याही होत्या. "बूट आणते," म्हणून ती घराकडं पळत सुटली. परत आल्यावर तिनं जीपमधला तापकरी गड्याचा लाल सदरा चढवला, तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला.

खेळ सुरू झाला आणि पहिली काही मिनिटं आमची पोरं नुसती बॉलमागं झुंडीनं पळत होती, मेंढरं पळतात तशी. लाल सदऱ्यातले आपापल्या जागी उभे राहून एकमेकांना बॉल देत होते. मुलगी उजव्या कडेला होती. तिच्याकडं बॉल आला की भिंतीवरून आरडाओरडा व्हायचा आणि लोकांना कळायचं नाही की आनंद मानावा की शिव्या द्याव्या. चाचा माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, "भाभी, आज तर दोनीकडून आपणच जिंकनार."

अफगाणांनी एक गोल केला. मग कबड्डीवाल्यानं तिघांना अंगावर घेत, ढकलत, धडपडत एक गोल केला. सरांनी शिट्टी वाजवावी की नाही याचा विचार करेपर्यंत गाव नाचून मोकळं झालं होतं. आणि मग मुलगी बॉल घेऊन एकटीच सुटली. समोर फक्त तिचा बाप.

"ये!" मालक हात पसरून ओरडले.

ती आली. डावीकडं बघितलं आणि उजवीकडं मारला. मालक व्हॉलीबॉलच्या सवयीनं वर उडाले आणि बॉल खालून गेला. मालक धुळीत बसले होते. ते हसायला लागले, आणि मग सगळेच हसले. मला काय झालं कोण जाणे, मी पदर तोंडाला लावला.

ऊन चढत गेलं. शेवटाकडं कबड्डीवाला बॉलमागं धावताना एकदम कोसळला. पोटरीत वात आला होता, पाय धरून विव्हळत होता. बॉल मुलीकडं होता, तिच्यापुढं रान मोकळं होतं. तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं आणि बॉल सरळ रेघेच्या बाहेर मारला. तिनं आणि पाहुण्यानं मिळून त्याचा पाय ताणला, अंगठा वर दाबून धरला. कुणी पाणी आणलं. तो लंगडत उभा राहिला.

आता बॉल आत टाकायची पाळी आमच्या पोरांची होती. सर म्हणाले, "बॉल त्यांना परत द्या. तशी रीत आहे."

"फुकट काहून द्यायचा?" आमचा एकजण तटला. "बाहेर तिनंच मारला. नियमानं आमचा हाय."

"नियमानं तुमचाच हाय," पाहुणा म्हणाला.

वाद वाढायला लागला तशी मी रेघेवरूनच ओरडले, "अरे, सावड हाय ती! तिनं तुमच्या गड्यासाठी हातचं काम सोडलं. सावड केली तर फेडावी लागती का न्हाई?"

हे मात्र प्रत्येकाला कळलं. आज मी तुझ्या रानात राबले, उद्या तू माझ्या रानात यायचं. त्याला कुठला कागद लागत नाही. कबड्डीवाल्यानं लंगडत जाऊन बॉल उचलला आणि मुलीच्या पायाशी टाकला. "घे बाई. फिटली."

गोल मात्र पुन्हा झाला नाही. आम्ही हरलो, म्हणजे अर्धं घर हरलं. शिट्टी वाजल्यावर अफगाण पोरं रांगेनं येऊन एकेकाला भेटली, आणि आमच्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं, कारण जिंकल्यावर करतात ती एकच गोष्ट त्यांना येत होती.

दुपारी ओसरीवर दोन्ही संघ जेवायला होते. जेवणं झाल्यावर पाहुण्यानं फोन लावला आणि मुलीच्या हातात दिला. पडद्यावर त्याची बहीण होती, डोक्यावर निळी ओढणी, मागं पांढरी भिंत. हिंदी मालिका बघून शिकलेलं हिंदी ती झरझर बोलत होती. भिंतीवरच्या एका पोरानं मोबाईलवर काढलेला सामना भावानं तिला पाठवला होता. मला वाटलं दोघी काही हळवं बोलतील. पण ती म्हणाली, "तेरा बायाँ पैर कमजोर है. गोल में बाप ना होता, कोई और होता, तो बॉल पकड लेता."

"बाप था इसलिए तो पता था किधर कूदेगा," आमची म्हणाली. दोघी हसत सुटल्या. मग बराच वेळ त्या माडीवर बोलत बसल्या. काय ते मी विचारलं नाही.

पाहुण्याचं शिक्षण संपलं, तो आता दुसऱ्या राज्यात पुढचं शिकतो. भारताचे पात्रतेचे सामने आता आम्ही चुकवत नाही. बांगलादेशशी बरोबरी झाली तेव्हा मालक दोन दिवस घुश्शात होते, आणि समोरच्या संघाची पेनल्टी बराबर असेल तर तसं म्हणायचं, हा घरचा कायदा झाला आहे. व्हॉलीबॉलच्या जाळीशेजारी पोरांनी लोखंडी पाईपचे गोलपोस्ट उभे केले आहेत. तिथं सकाळी मुली येतात, संध्याकाळी मुलं.

गावातल्या त्या सामन्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात कबड्डीवाला आमच्या दारात आला होता. आत न येता उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "सेनगावला फुटबॉलच्या मॅची हायेत. गावाकडून खेळशील का?"

मुलगी ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "कोनत्या जागेवर?"

"तू म्हणशील त्या."

"सांगते उद्या," ती म्हणाली आणि सुपातला खडा काढून अंगणात फेकला.