भादव्यातली मखमल

आमच्या नाटक मंडळाचे किस्से म्हणजे मशीनखाली साठलेल्या चिंध्या. एक ओढायला जावं तर गुंतून दहा बाहेर येतात! आणि प्रत्येक किस्सा आठवला की मला आजही घाम फुटतो. खरोखरचा घाम!

शिलाई मशीन घरात असणं हा गुन्हा आहे, हे मला लग्नानंतर कळलं. माहेरहून मशीन आली आणि सौंसरच्या नाटक मंडळाला ड्रेपरी सांभाळणारी बाई फुकटात मिळाली. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, नाटक लिहायचे, बसवायचे आणि मोठा पार्टही स्वतःच घ्यायचे. वकीलसाहेब राजे आणि देव करायचे. जिनिंगमधले नानाजी राक्षस, आणि जे जे दांडगं असेल ते. पोस्टातला शंकर बायकांचे पार्ट करायचा, कारण आम्ही बायकांनी स्टेजवर पाय ठेवायचा नव्हता. आम्ही शिवायचं, धुवायचं आणि घामानं कुजलेलं सांधायचं!

आणि ही नाटकं कधी? भादव्यात, गणपतीत. पोळा झाला की पाऊस दडी मारतो, ऊन तापतं, जमिनीतून वाफ निघते. आमच्याकडे त्याला उमस म्हणतात. नुसतं बसलं तरी पाठीवरून धारा! त्यात नाटक भर दुपारी, कारण खेड्यांवरून आलेल्या लोकांना उजेडातच बैलबंड्या जुंपून परत जायचं असायचं. अशा दुपारी ही माणसं माझ्याकडे काय मागायची? मखमल!

*

स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी गावात मिरवणूक निघाली. बंडीवर भारतमाता बसवायची ठरली, आणि भारतमाता अर्थातच शंकर! माझा लग्नातला शालू त्याला दिला, लोकरीचा लांब केसांचा टोप दिला, वर मुकुट.

"आतून परकर घाल," मी बजावलं.

"हाव वहिनी," म्हणाला.

घातला नाही. उकाडा सहन होईना म्हणून त्यानं शालूच्या आत आपली पोस्टातली खाकी हाफपँट चढवली. पायाला हवा लागते म्हणे!

बाजारात बंडी थांबली. भाषणं सुरू झाली. एक संपलं की दुसरं. लोकरीच्या टोपाखालून भारतमातेच्या कानावर, गळ्यावर, छातीवर घामाचे पाट. शेवटी त्याला राहवलं नाही. त्यानं शालू गुडघ्यापर्यंत वर घेतला आणि पदरानं पायाला वारा घालत बसला.

समोर एक म्हातारी हात जोडून उभी होती. तिनं नीट वाकून पाहिलं आणि बाजूच्या बाईला म्हणाली, "अवो, इंग्रज गेला म्हणतात, पण मायनं खाकी काही सोडली नाही!"

*

वकीलसाहेबांना इंद्र व्हायचं होतं. मी पातळ मलमलीचा झगा शिवला. जरीची किनार लावली. लांबून पाहिलं तर रेशीमच वाटेल असा. त्यांनी तो दोन बोटांत धरून वर केला.

"वहिनी, हे इंद्राचे कपडे होय? हे तर इंद्राचं धोतर वाळत घातल्यासारखं दिसून राहिलं!"

"साहेब, उमस पाहा किती आहे. घाम येईल."

"देवाला घाम येत नाही वहिनी. पुराणात आहे."

आता वकिलाशी कोण वाद घालणार! नागपूरहून छोट्या रेल्वेगाडीनं लाल मखमलीचा अंगरखा भाड्यानं आला. त्याला आधीच्या सगळ्या इंद्रांच्या घामाचा वास येत होता.

पहिल्या अंकात इंद्र गोरा होता. दुसऱ्या अंकात त्याच्या मानेवरून लाल ओघळ निघाले. तिसऱ्या अंकापर्यंत गळा, मनगटं, हात सगळं लालेलाल. लोकांना वाटलं, असुरांनी वार केला. "लागलं ना बाप्पा त्याले!" म्हणून बायका हळहळल्या. साहेब खूश! आपल्या अभिनयानं रडवलं म्हणून!

दुसऱ्या दिवशी त्यांची केस होती. बेसन लावलं, खोबरेल लावलं, रॉकेलसुद्धा चोळलं. रंग हटेना. काळ्या कोटाच्या वर लालभडक मान घेऊन साहेब कोर्टात उभे राहिले.

मॅजिस्ट्रेटनं चष्म्यावरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "वकीलसाहेब, खटला मारहाणीचा आहे हे मला माहीत आहे. पण मार तुम्ही खाल्ला की तुमच्या पक्षकारानं?"

*

नानाजींचं दुखणं वेगळं. मुळात अंगानं भरपूर, पण राक्षस व्हायचं म्हणजे पोट आणखी मोठं पाहिजे, हा हट्ट. जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळे कापसाला तोटा नाही. सदऱ्याखाली त्यांनी गादीइतका कापूस भरला!

"नानाजी, या दिवसात माणूस पांघरूणसुद्धा घेत नाही, तुम्ही रजई नेसून राहिले!" मी ओरडले.

"राक्षस आहे वहिनी. सहन करीन."

राक्षसानं केलंही सहन, पण कापसानं केलं नाही. घाम पिऊन पिऊन तो जड झाला आणि खाली उतरायला लागला. भीमाशी युद्ध सुरू झालं तेव्हा पोट मांडीवर होतं. मरायच्या वेळी गुडघ्यावर! नानाजी दोन्ही हातांनी पोट सावरत मेले.

पुढच्या खेळाला मी ऐकलं नाही. संत्र्याची टोपली घेतली, विरळ विणीची. पोटावर उलटी बांधली, वरून झिरझिरीत काळं कापड. आरपार हवा!

"मी राक्षस आहे की संत्रा?" नानाजी चिडले. पण बांधून चार पावलं चालले आणि चेहराच बदलला. "वहिनी, आत वारा फिरून राहिला!"

सगळं छान चाललं होतं. भीमानं गदा उचलली आणि नेमकी पोटावर घातली. कर्रकन आवाज झाला. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, आणखी एक हाण! आत संत्री असतीन!"

*

पांढुर्ण्याला आमचा खेळ टिनाच्या शेडमध्ये होता. वरून टिन तापलेलं, खाली माणसं खचाखच. मास्तर झाले होते विश्वामित्र आणि शंकर मेनका.

दाढी चिकटवायला आम्ही बाभळीचा डिंक वापरायचो. उमस असली की तो वाळतच नाही. "दाढीला नाडी लावते, कानामागून बांधा," मी म्हटलं.

"नाडीची दाढी पोरं लावतात," मास्तर म्हणाले आणि डिंकाचा दुसरा थर चढवला. वर चिकटपणासाठी थोडा गूळ! हा सल्ला वकीलसाहेबांचा.

ऋषी तपाला बसले. लगेच माश्या आल्या. नाकावर, ओठावर, दाढीवर. मास्तर हलले नाहीत. लोक थक्क झाले. "याले म्हणतात तपस्या!"

मग मेनका नाचत आली. गिरकी घेताना तिची जाळीची ओढणी ऋषींच्या तोंडावर पडली, गुळाला चिकटली, आणि मेनका पुढे सरकताच ऋषींची दाढी तिच्या मागोमाग निघाली! शंकरला पत्ताच नाही. तो दाढी फरफटत स्टेजभर नाचला.

लोक बाकांवर उभे राहिले. मी विंगेत कपाळाला हात लावला. मास्तरांनी मात्र शांतपणे डोळे उघडले, गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला आणि गरजले, "इंद्रा! माझं तप हिनं मुळासकट उपटलं!"

टाळ्या थांबेचनात. घरी येताना मला म्हणतात, "पाहिलं? नाडी लावली असती तर हे झालं असतं का?"

आता बोला!

*

एका चैत्रात जामसावलीला हनुमानाच्या दर्शनाला खूप लोक चालले होते. वाटेवर आंब्याखाली आम्हीही रामकथेचा प्रवेश लावला. मारुती नानाजी.

कोरड्या उन्हाला माझ्याकडे इलाज होता. मलमल भिजवायची, पिळायची, कपड्याखाली गुंडाळायची. वारा लागला की गार वाटतं. भादव्यात हाच इलाज केला तर अंगावर ओला भात थापल्यासारखं होतं, पण चैत्रात चालतो. नानाजींचं अंग गार राहिलं. डोक्याचं काय? कागदाच्या लगद्याचा मुखवटा, तोंड बंद. बाहेर चैत्र, आत भादवा!

"नाकाशी भोकं पाडते," मी म्हटलं.

"देवाच्या नाकाला भोकं?" वकीलसाहेब गरजले. "लोक हसतील!"

प्रवेश संपला. नानाजी मुखवटा सोडायला झाडामागे निघाले, तर यात्रेकरूंनी वाटेतच गाठलं. कोणी पाया पडलं, कोणी नारळ फोडला. एकानं तेल आणि शेंदूर आणला आणि नानाजींच्या खांद्यावर थापायला सुरुवात केली. मुखवट्याची गाठ मागे, आणि लोक हात सोडेनात. नानाजी आतून "पाणी, पाणी" म्हणत होते. बाहेर फक्त "हूं, हूं" ऐकू येत होतं.

"हुंकार देऊन राहिला!" म्हणत आणखी लोक धावले.

मी कात्री घेऊन गर्दीत घुसले तोवर नानाजींनी मुखवटा टराटरा फाडला आणि बोंब मारली, "अरे, पाणी पाजा कोणी! मरून राहिलो ना!"

लोक दोन पावलं मागे सरले. एका आजीबाईंनी मात्र कानाला हात लावले. "देवच पाणी मागून राहिला बाप्पा! यंदा पावसाचं काही खरं नाही!"

*

मग राज्यांची नव्यानं मांडणी झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. राजधानी भोपाळ झाली, कागद हिंदीत यायला लागले. आम्ही नाटकं करायचो तो शाळेचा हॉल पुढे मिळणार की नाही, हे आता नव्या साहेबांच्या हातात होतं. साहेब जबलपूरकडचे. मराठी येत नव्हतं. "पहले देखेंगे, फिर सोचेंगे," म्हणाले. हॉल गेला तर मंडळ संपलं, हे सगळ्यांना कळत होतं. मास्तरांना त्या दिवसात जेवण जात नव्हतं.

हॉल आम्हाला पुढेही मिळत राहिला, हे आधीच सांगून टाकते. त्या दुपारी काय झालं ते ऐका.

मास्तर रावण झाले होते. बांबूच्या कामटीवर नऊ डोकी, मधे त्यांचं स्वतःचं. अंगात काळी मखमल. उमस अशी की पंखा हलवणाऱ्यालाच जास्त घाम यावा! मी सकाळपासून मागे लागले होते.

"अहो, लंका कुठे आहे?"

"समुद्रात."

"मग तिथे आपल्याहून जास्त उमस. रावण मखमल घालत असेल? उघडाच बसत असेल!"

"तू दहा डोक्यांशी वाद घालू नको," म्हणाले आणि गुंड्या लावल्या.

साहेब पहिल्या रांगेत. प्रवेश सुरू झाला. मंदोदरी झालेला शंकर विनवत होता, "नाथ, सीतेला परत पाठवा." रावणानं बोलायला तोंड उघडलं, आणि शब्दच आला नाही. मला विंगेतून दिसलं, ओठ पांढरे पडले होते. नऊ डोकी एका बाजूला झुकली. त्याच सालच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे एक गृहस्थ असेच उभ्या उभ्या कोसळले होते. उठले नाहीत.

मी काही विचार केला नाही. पाण्याचा तांब्या उचलला आणि सरळ स्टेजवर गेले. साध्या लुगड्यात, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच! मी कामटीची दोरी तोडली. डोकी धडाधडा खाली पडली. मखमलीच्या गुंड्या ओढून तोडल्या, अंगरखा उतरवून फेकला, डोक्यावर पाणी ओतलं आणि पदरानं वारा घालायला लागले.

पहिल्या रांगेतून साहेबांचा आवाज आला, "ये कौन हैं?"

नानाजींनी विंगेतून डोकं काढून सांगितलं, "साहेब, ये असली मंदोदरी!"

मास्तरांनी डोळे उघडले. दोन घोट पाणी प्याले. चेहऱ्यावर रंग आला. समोर भरलेला हॉल दिसला, आणि त्यांना आपलं राहिलेलं वाक्य आठवलं. उघड्या अंगानं, ओल्या केसांनी ते ताडकन उठले, एक हात वर केला आणि गरजले, "या लंकेत रावणावर हुकूम चालवणारा अजून जन्मला नाही!"

मी म्हटलं, "बसा गुमान!"

आणि रावण बसला.