दिवे लागल्यावरचा तास

‘कुणी सांगितलं?’

आमच्या बाईंचा हा ठरलेला प्रश्न. तो विचारण्याआधी त्या चष्मा काढून डोळे मिटत. ‘आदिवासींकडे साहित्य नव्हतं’ असं विद्यार्थी म्हणाला तरी हाच प्रश्न, आणि कँटीनवाल्याने वडे संपल्याचं सांगितलं तरी हाच. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल.

पुण्याच्या आमच्या मराठी विभागात माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. ठाकर आदिवासींच्या वाड्या-पाड्यांतल्या गोष्टींवर त्या संशोधन करत. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं त्या वाड्यांत मानत. म्हणून बाई गोष्टींचा तास दिवे लागल्यावर घेत, बाहेर झाडाखाली. एका गोष्टीतला डोंगर संध्याकाळी उठून नदीवर पाणी प्यायला जाई. ती ऐकताना समोरची टेकडीही जागची हलल्यासारखी वाटे. बसस्टॉपवरूनसुद्धा मी मागे वळून बघत असे.

एकदा मी चिडवलं, ‘बाई, तुम्ही हे खरं मानता?’

‘इंग्रज साहेबांनी गोष्टी उतरवून घेतल्या आणि नियम अंधश्रद्धा म्हणून टाकून दिले. आपणही तेच केलं. अहो, दुसऱ्याच्या घरी जेवायला बसावं, तर निदान त्यांच्या रीतीने बसावं.’

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीची वेळ आली सकाळी अकराची. निवृत्तीआधीची ती त्यांची शेवटची संधी होती. आत काय घडलं ते समितीतल्या एका सरांनी मला नंतर सांगितलं. अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, ‘एखादी गोष्ट ऐकवा की.’

‘संध्याकाळी ऐकवते. माझे मामा आत्ता स्वारगेटला उतरले असतील. ऐंशीचे आहेत.’

सगळे हसले, बाई हसल्या नाहीत. पुन्हा आग्रह झाला, पुन्हा नकार. पद दुसऱ्याला गेलं.

मी संतापले. ‘एक गोष्ट सांगून काय झालं असतं?’

‘पद मिळालं असतं,’ त्या म्हणाल्या आणि संध्याकाळच्या तासाच्या तयारीला लागल्या. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. शोकसभा दुपारी चारला होती. भाषणं लवकर आटोपली. मग त्यांची एक विद्यार्थिनी, आता स्वतः शिकवणारी, गोष्ट सांगायला उभी राहिली. तिने खिडकीकडे पाहिलं आणि ती परत खाली बसली.

शिपायाने पंखे बंद केले, तरी कुणी उठलं नाही. आम्ही सगळे ऊन उतरायची वाट पाहत होतो.