पेरणीयंत्राची खंडेनवमी

नोकरी गेल्यापासून मनोहर साठ्ये अमेरिकेतल्या एडिसन गावच्या घरात इतक्या येरझारा घालत होता की कार्पेटमध्ये पायवाट पडली. साल २००३.

"शनिवारी तरी कुठेतरी जा बाबा," त्याची बायको मीनाक्षी म्हणाली. "नोकरी गेली की लोक दाढी वाढवतात. तू माझं डोकं खातोस."

मग तो गावाबाहेरच्या शेतकी संग्रहालयात फुकट धूळ पुसायला जाऊ लागला.

तिथे मका पेरायचं एक जुनं लाकडी यंत्र होतं. पाटीवर 'कर्ता अज्ञात'. ते काही त्याला बघवेना. त्याने लिहिलेला प्रोग्रॅम साहेबाच्या नावावर खपला होता, त्यामुळे या विषयात तो जरा हळवा होता. जुनी पेटंटं उपसून त्याने संशयित शोधला: शेजारच्या गावचा सुतार, एझरा व्हॅनडाइन. पण संग्रहालयाच्या बाई, मिसेस हॅलोरन, म्हणाल्या, "प्रूफ आणा. नाहीतर थँक्सगिव्हिंगनंतर हे गोदामात." गोदामात गेलेलं परत आल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

अशात खंडेनवमी आली. सांगलीला वडील लेथची पूजा करत. अमेरिकेत मनोहर लॅपटॉपची करी. यंदा लॅपटॉप कंपनीने काढून घेतलेला. नवमी आहे आणि हत्यार नाही! नोकरी गेली तेव्हाही त्याला इतकं भिकारी वाटलं नव्हतं. तो तडक संग्रहालयात गेला, यंत्राच्या दांड्याला ओलं कुंकू फासलं, झेंडू ठेवला आणि डोळे मिटले.

"ओ माय गॉड! इज दॅट ब्लड?"

मागे मिसेस हॅलोरन.

"नो, नो! इट्स लाइक... बर्थडे. फॉर टूल्स!" मनोहर रुमालाने घासत सुटला. वरचं कुंकू निघालं. पण जुना मळ सुटून उघड्या पडलेल्या बारीक खाचांतलं काही हटेना. जितकं घासावं तितकं ते आत बसे. खाचांची अक्षरं झाली: ई. व्हॅनडाइन.

बाईंनी चष्मा पुसला. पोलिसांना फोन करायचं राहून गेलं.

यंत्र जागेवरच राहिलं. नवी पाटी बघायला मनोहरने मीनाक्षीला नेलं. 'एझरा व्हॅनडाइन, सुतार. नाव नेहमीच्या साफसफाईत आढळले.'

"आणि तू कुठायस यात?"

"मी ना? साफसफाई."

पण त्याचं लक्ष पाटीवर नव्हतंच. पलीकडे एक मळणीयंत्र होतं, कर्ता अज्ञात. मनोहर कुंकवासाठी खिसा चाचपू लागला.

मीनाक्षीने त्याचं मनगट धरलं. "पुढच्या नवमीपर्यंत दम धर. आणि तोवर नोकरी बघ."