काटा मागनं बघा

समोर माणूस आला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. मग पिंढऱ्या, मांड्या, कंबर, छाती असं करत नजर वर चढे आणि गळ्यापाशी थांबे. चेहऱ्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. मग पुढे होऊन त्या माणसाच्या कोपराखाली तळहात लावत, जरासा उचलल्यासारखं करत आणि म्हणत, "त्रेपन्न. काटा मागनं बघा." काटा मागून बघितला की त्रेपन्नच भरत. फार तर पावभर इकडेतिकडे, आणि तेवढा फरक तर सकाळच्या भाकरीनंही पडतो.

ते सांगलीच्या हळदीच्या पेठेत तोलार होते, म्हणजे पोती काट्यावर चढवून वजन करणारे. मी तिथेच एका अडत्याकडे दिवाणजी होतो, म्हणजे त्यांनी पुकारलेलं वजन लिहून घेणारा. तेव्हा माझं वय पंचवीस. अक्षर चांगलं होतं आणि त्या अक्षराचा ताठा त्याहून चांगला होता. ते पन्नाशीच्या पुढचे. तरी मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि ते मला अहो-जाहो करायचे. पेठेची रीतच तशी होती असं म्हणून मला सुटता येईल, पण हे मी सुटण्यासाठी लिहीत नाही.

मण-शेर जाऊन किलो आले तेव्हा पेठेत सगळ्यांची तारांबळ उडाली. आमचे शेठ दोन महिने भिंतीवर कोष्टक लावून बसले होते. यांची मात्र आठ दिवसांत नजर बसली. ना शाळा, ना पाटी. मी विचारलं तर म्हणाले, "पोतं त्येच हाय की दिवाणजी. नाव बदललं म्हनून काय हलकं हुतंय?"

त्या काळात आमच्या भागाला हुतूतूचं वेड होतं. आमचा संघ पन्नास किलोच्या आतल्या गटात खेळायचा. पन्नासच्या वर काटा हलला की गडी बाद. म्हणून स्पर्धेच्या आधी बारा जणांची यादी ठरवताना जेवढी चर्चा खेळाची होई, तेवढीच वजनाची होई. ही यादी मैदानावर ठरत नसे. ती बापूच्या सायकल दुकानासमोरच्या फळीवर ठरे. तुम्हीही तुमच्या गावात अशी फळी बघितली असेल. तिच्यावर बसणाऱ्यांतल्या निम्म्यांनी जन्मात एक चढाई केलेली नसते, पण कोणाला घ्यावं आणि कोणाला काढावं हे त्यांना तोंडपाठ असतं. मी त्या निम्म्यांतला, आणि वर पुन्हा क्लबचा चिटणीस.

काय चर्चा चालायच्या! एकाला दम आहे पण डोकं नाही. दुसऱ्याला डोकं आहे पण लग्न झाल्यापासून तो पकडीला जपून जातो. तिसऱ्याचा गुडघा दुखतो हे त्याला स्वतःला ठाऊक नसे, पण फळीला ठाऊक असे. विट्याकडचा गडी घ्यायला सगळे बिचकत, कारण तिकडची पोरं जरा हाताशी आली की गलाईच्या दुकानात सोनं गाळायला कुठल्या कुठल्या मुलखात निघून जात. एकदा तर आमचा विट्याचा गडी स्पर्धा चार दिवसांवर असताना मामाबरोबर गेला, आणि बापूनं आठवडाभर विट्याच्या सायकलीचं पंक्चर काढलं नाही.

तोलार या चर्चेला रोज येत, पण फळीवर बसत नसत. पायरीखाली, हवा भरायच्या पंपाशी उभे राहत. आम्ही तासभर घसा कोरडा केला आणि यादी अडली की बापू मान वळवून विचारी, आणि ते दोन वाक्यांत निकाल देत. "डाव्या पायावर जड हाय. उजवीकडनं धरला तर सुटायचा न्हाई." दुसऱ्या दिवशी मैदानावर अगदी तसंच होई. संध्याकाळी ते वाक्य आमच्यातला कोणीतरी स्वतःचं म्हणून सांगे. बहुतेक वेळा मीच.

चहा यायचा तो शेजारच्या हॉटेलातून. फळीवरच्या सगळ्यांना कपबशी, आणि खिडकीत ठेवलेला कान तुटलेला कप त्यांच्यासाठी. त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्याला दहा वर्षं होत आली होती. दीक्षेनंतर त्यांनी तो कप कधी हातात घेतला नाही. पण त्यावरून एक शब्दही काढला नाही. "च्या सोडलाय मी. पित्त हुतं," एवढंच म्हणत. आम्हाला ते सोयीचं होतं म्हणून आम्ही ते खरं मानलं. एकदा कामासाठी मी त्यांच्या घरी गेलो, तर ते ओट्यावर बसून पितळीभर चहा फुंकून फुंकून पीत होते. मला बघून हसले आणि म्हणाले, "आजच्या दिस घेतला जरा." मीही हसलो. एखाद्याला अडचणीत टाकायचं नाही म्हणून ते स्वतःच्या अंगावर खोटं घेत, हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं.

त्या वर्षी साताऱ्याची स्पर्धा तोंडावर आली आणि आमचा मुख्य चढाईवाला गलाईला गेला. फळीवर सुतक पडलं. कोणाला आणायचं यावर तीन दिवस वाद झाले. चौथ्या दिवशी तोलार पंपापाशी जरा घुटमळले आणि म्हणाले, "भैनीचा लेक हाय, म्हसवडाकडचा. घरचा म्हनून मी जास्ती बोलत न्हाई. तुमी बघा."

आम्ही बघितला. वीस-एकवीस वर्षांचा, काळासावळा, बोलायला लाजरा. पहिल्या दोन चढाया त्यानं नुसतं मैदान बघितलं. तिसऱ्या चढाईत तो सावकाश आत गेला, आमच्या दोन जाड्या पकडीवाल्यांच्या मधून पाऊल घालून तिघांना शिवून परत आला, आणि रेषेवर येऊन जणू काही झालंच नाही अशा थाटात धोतर ठीक करत उभा राहिला. बापूनं तोंडातली विडी काढली ती पुन्हा तोंडात घालायची विसरला.

दुसऱ्या दिवशी फळी भरली तेव्हा तोलार कामावर होते. मला वाटलं होतं, आज यादी पाच मिनिटांत होईल. पण कोणी म्हणालं, पोरगं उजवीकडूनच वळतं. कोणी म्हणालं, बाहेरच्या तालुक्याचा घ्यायचा का? जणू विट्याचा आमच्या गल्लीतला होता. असा अर्धा तास गेला. मग आमचे अध्यक्ष अण्णा हळूच म्हणाले, की साताऱ्यात आपण वकीलसाहेबांच्या घरी उतरणार. जेवायला त्यांच्या सोप्यात पंगत. बारा पोरं एका ओळीत.

 पुढचं बोलायची गरजच नव्हती. उठताना अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू चिटणीस आहेस. बघ काहीतरी."

वजन आमच्या अडतीतल्या काट्यावर व्हायचं. एरवी ते तोलारच करत. त्या दिवशी अकरा जणांचं त्यांनीच केलं. प्रत्येकाचं आधी नजरेनं सांगितलं, मग काट्यानं, आणि मी लिहिलं. बारावा भाचा. ते त्याच्याकडे बघून म्हणाले, "साडेएकोनपन्नास." मग दांडीवरचा हात काढून बाजूला झाले. पेठेत तोलारांचा एक दंडक होता. स्वतःच्या घरचा माल स्वतः तोलायचा नाही. कोणी सांगितलेला नव्हता, पण सगळे पाळत. ते मला म्हणाले, "ह्येचं तुमी बघा, दिवाणजी," आणि काट्याकडे चक्क पाठ करून उभे राहिले.

भाचा पाटावर चढला. त्याची पाठ माझ्याकडे. बाकीचे दारात, उन्हाकडे तोंड करून बोलत उभे. मी दांडीवरचं वजन सरकवलं. साडेएकोणपन्नासावर दांडी सरळ झाली आणि अशी थांबली की श्वासानंही हलेना.

मी म्हणालो, "एक्कावन्न."

कोणी येऊन बघितलं नाही. मला कोणी धमकी दिली नव्हती. यादीत नाव घातलं असतं तर माझी नोकरी जाणार नव्हती. फार तर अण्णा महिनाभर घुम्यासारखे वागले असते. एवढ्यासाठी मी ते केलं. चारचौघांत शहाणा म्हणून खांद्यावर हात पडावा, एवढ्यासाठी.

तोलार वळले. काट्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि मी तोवर दांडी पाडलेलीच होती. त्यांनी भाच्याकडे बघितलं, पायांपासून गळ्यापर्यंत, सावकाश. मग माझ्याकडे वळले, आणि या खेपेला नजर गळ्यापाशी थांबली नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं. मी वहीत डोकं घातलं आणि फार सुंदर अक्षरात एक्कावन्न लिहिलं.

"माजी नजर चुकली म्हनायची," ते म्हणाले, आणि भाच्याला म्हणाले, "उतर खाली."

बापू मागून हसून म्हणाला, की तोलाराचाही काटा कधीतरी चुकतो म्हणायचा. सगळे हसले. तेही हसले. त्या दिवसापासून त्यांनी माणसाचं वजन सांगायचं बंद केलं. कोणी समोर उभं राहून छाती फुगवली तरी मान हलवत आणि म्हणत, "आता न्हाई जमत. काट्याला इचारा." फळीपाशी येणंही हळूहळू कमी झालं. पंपापाशी मोकळी जागा दिसे, आणि यादी आधीपेक्षा जास्त अडे.

साताऱ्यात आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. वकीलसाहेबांकडचं जेवण मात्र उत्तम होतं. मी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या हे मला आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं.

पुढच्या वर्षी स्पर्धा कराडला होती. भाचा मधल्या काळात कोयनेच्या धरणाच्या कामावर लागला होता आणि तिथल्या कामगारांच्या संघातून उतरला होता. त्याला बघायला तोलार रजा टाकून आले होते. आम्ही सांगलीचे पाच-सहा जण मंडपात उभे होतो, आणि ते आपणहून आमच्या शेजारी येऊन उभे राहिले. मंचावर सगळ्यांसमोर वजनं चालली होती आणि आकडा कर्ण्यावरून सांगत होते. भाच्याचं नाव आलं. "साडेएकोणपन्नास."

 बापू तसा भाबडा माणूस. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "दिवाणजी, तवा एक्कावन्न भरला हुता न्हवं ह्यो?" अण्णा दुसरीकडे बघायला लागले. बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. मी खाली वाकून वहाणेचा पट्टा नीट करायला लागलो.

तेव्हा तोलार म्हणाले, "कोयनेचं काम लय कष्टाचं, बापू. वरसात वाळलाय पोरगा."

ज्या माणसानं जन्मभर एका पोत्याचं वजन पावभर खोटं सांगितलं नाही, तो पाच जणांसमोर, माझ्यासाठी, स्वतःच्या भाच्याचं खोटं वजन सांगत होता. पोरगं वाळलं नव्हतं. माझ्यासारख्या आंधळ्यालाही ते दिसत होतं. बापूला पटलं, आणि तो सामना बघायला पुढे गेला. मी त्यांच्याकडे बघितलं. ते मैदानाकडे बघत होते.

त्या सामन्यात आम्ही भाच्याच्या हातून हरलो. त्याचं दुःख मला अजिबात झालं नाही.

तुम्ही म्हणाल, मग परत आल्यावर त्यांचे पाय धरले असतील. नाही धरले. रोज पेठेत भेट होई. ते पुकारत, मी लिही. आज बोलू, उद्या बोलू, शेठ नसताना बोलू, असं करत दीड वर्ष गेलं. शरम वाटणं आणि शरमेपायी काही करणं यात किती अंतर असतं, ते मी पायी चालून मोजलेलं आहे.

मग कोयनेला भूकंप झाला. भाच्याचं तिथलं घर पडलं. माणसं वाचली, पण त्याच्या आईचा, म्हणजे तोलारांच्या बहिणीचा, पाय मोडला. तोलारांनी काम सोडलं आणि तिकडे जायला निघाले. हे कळल्यावर मी दुपारी स्टँडवर धावलो. ते एका बोचक्यावर बसले होते. शेजारी पत्र्याची बादली आणि तिच्यात घमेलं, फावडं. मी म्हणालो, "तुम्ही परत येणार ना?" दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून तुम्ही निघालं. त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. ते उठून उभे राहिले.

सांगायचं होतं ते गळ्याशी आलं होतं, आणि माझ्यासारख्या भ्याडानं त्यालाही आडवाट काढली. मला वाटलं, त्यांनी पुन्हा एकदा नजरेनं वजन सांगितलं तर मी म्हणेन, तुमची नजर कधीच चुकली नव्हती. म्हणून मी हात अंगाला लावून सरळ उभा राहिलो आणि म्हणालो, "जायच्या आधी माझं वजन सांगा की."

त्यांनी बघितलं. पायांपासून सुरुवात केली. पिंढऱ्या, कंबर, छाती. उजवा तळहात जरासा पुढे आला. ओठ हलले, म्हणजे आकडा आला होता. मग तो हात त्यांनी मागे घेतला आणि बोचकं उचललं.

"तुमी सांगाल त्येवढं, दिवाणजी," ते म्हणाले.

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मी दोन दिवस रागावलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण ते अगदी रोजच्या आवाजात म्हणाले. बादली उचलायला मी हात लावला, तर म्हणाले, राहू द्या, हलकी आहे. गाडी आली, गर्दी झाली, आणि मला सांगायचं होतं ते स्टँडवरच राहिलं.

ते परत आले नाहीत. तिकडेच दोन वर्षांनी गेल्याचं पेठेत उशिरा कळलं. आता मी त्यांच्याहून म्हातारा आहे. डॉक्टरकडे गेलो की आधी वजन करायला सांगतात. मी काट्यावर चढतो, काट्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि तिथली बाई जो आकडा सांगेल तो मान्य करतो.