पिठावर नजर

इंग्रजीतल्या 'सी' आणि 'वॉच' या दोन क्रियापदांतला फरक आमच्या घरात माझ्याइतका कुणालाच कळत नाही. मी इंग्रजीचा मास्तर होतो. (मी निवृत्त झालो, सवय निवृत्त झाली नाही!)

त्या रविवारी आमच्या मुलीचे, रीनाचे, होणारे सासू-सासरे राजोडीहून पहिल्यांदाच उमेळ्याला जेवायला येणार होते. बायकोने, म्हणजे रोझीने, पहाटेच ताडी घालून फुग्यांचं पीठ भिजवलं होतं. मुठीतून पिळून तेलात सोडलेले फुगे टम्म झाले तर बाईची शान, बसले तर गावभर चर्चा. त्यात उन्हाळ्यात ताडीने पीठ कधी फुगून उतू जाईल याचा भरवसा नाही. चर्चमध्ये मिस्साला जाताना रोझी म्हणाली, "मास्तर, पीठ काठाला आलं की फ्रीजमध्ये ठेवा. दुसरं काही करू नका."

मी पातेल्यासमोर खुर्ची टाकून बसलो. तेवढ्यात रीनाचा व्हिडिओ कॉल आला. ती नर्स, ड्यूटी संपवून दुपारी घरी येणार होती. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती, म्हणून तिने या दोन शब्दांतला फरक विचारला.

मी खुललो. 'सी' म्हणजे डोळ्यांना आपोआप दिसणं. त्याचं चालू काळातलं रूप सहसा करत नाहीत. 'वॉच' म्हणजे बदलणाऱ्या गोष्टीवर मुद्दाम लक्ष ठेवणं; ते चालू काळात खुशाल चालतं. उदाहरणासाठी मी फोनचा कॅमेरा पातेल्याकडे केला आणि (स्क्रीनवर रीनाचा चेहरा बघत) म्हणालो, "आय ॲम वॉचिंग द डो."

"पप्पा, पीठ..."

"मराठीत नको. इंग्रजीत, पूर्ण वाक्य."

"आय ॲम सीइंग द डो..."

आताच काय सांगितलं, म्हणून मी तिला तिथेच अडवलं. तिने क्रियापद सुधारलं, मी उच्चार सुधारला. शेवटी ती म्हणाली, "आय कॅन सी द डो ऑन द फ्लोर." निर्दोष वाक्य! मी शाबासकी दिली आणि मग खाली पाहिलं.

रोझी आली, तिने फडकं घेतलं. गुपचूप लादी पुसत बसली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिची पहाटेपासूनची हौस त्या फडक्यात चालली होती, आणि मला खरंच वाईट वाटलं.

पाहुण्यांनी मटणाचं आंबट-तिखट इंदाळ फुग्यांऐवजी बेकरीच्या पावाशी खाल्लं. सगळी हकिकत ऐकून विहीणबाई पोट धरून हसल्या. रोझीलाही अखेर हसू फुटलं. ती म्हणाली, "लग्नाला फुगे मीच करीन. फक्त त्या दिवशी मास्तरांना तुमच्याकडे ठेवून घ्या."

विहीणबाई म्हणाल्या, "नको बाई, त्या दिवशी आमच्याकडेपण पीठ भिजवलेलं असेल."

वाक्य पूर्ण होतं. चूक काढायला मला कुठेच जागा सापडली नाही.