परक्या बेसवर लेकीचं स्टीअरिंग

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे ‘मायक्रोमीटर’ म्हणतात. लेथवर एकतीस वर्षं काढलेला माणूस, घरात बटाटा चिरला तरी दोन फोडी जुळ्या बहिणींसारख्या निघतात. कौतुक आहेच हो, पण तोवर तेल तापून धूर निघतो त्याचं काय?

अशा माणसाला चोपन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळायचं वेड लागलं. लावलं आमच्या लेकीनं. ती दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली. जाताना बापलेकीची चांगलीच जुंपली. हे म्हणाले, “तिकडे काय सोनं पुरलंय?” ती म्हणाली, “तुम्हाला लेथच्या पलीकडे जग दिसतच नाही.” झालं! खाण तशी माती, दोघंही हेकट. तेव्हापासून फोनवर “बरी आहेस?” “हो.” “आईकडे देतो.” एवढंच.

मग तिनंच एकदा विचारलं, दोघांची मिळून एक गाडी असते, अर्धी शर्यत मी चालवते, अर्धी तुम्ही चालवा, आपापल्या घरी बसून. तिच्या कानाला हेडफोन; ह्यांना ते टोचतात, म्हणून इकडे स्पीकर आणि टेबलावर माईक. महिन्यातून एका रविवारी दुपारी दोन तास माझा नवरा लेकीशी बोलायला लागला. टायर झिजले का, पेट्रोल किती उरलं, मागून कोण येतंय. मी शेजारच्या खोलीत शिलाई मशीन बंद ठेवून ऐकत बसायची. टायरबद्दल का होईना, बोलतात ना!

आता ह्या खेळाचं सामान दोन भागांत येतं. हातात धरायचं ते स्टीअरिंग, आणि मागे टेबलाला आवळलेली मोटर, तिला म्हणतात बेस. लेकीचा बेस जळाला होता, म्हणून ती आपलं स्टीअरिंग इथेच टाकून गेली होती. इथे नोकरी करायची तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेलं; तिकडे तिनं नवं सामान घेतलं. ह्यांनी नवा बेस आणला तो दुसऱ्याच कंपनीचा. दुकानदारानं बजावलं, “काका, ह्याच्यावर ह्याच कंपनीचं स्टीअरिंग घ्या. दुसरं बसत नाही, आणि बसवलंत तरी बटणं चालणार नाहीत.”

मायक्रोमीटरला ‘बसत नाही’ म्हणायचं? तीन दिवसांत ह्यांनी लेथवर ॲल्युमिनियमची कडी काढली, दोन्ही बाजूंना सहा-सहा भोकं पाडली, आणि एका कंपनीचं स्टीअरिंग दुसऱ्या कंपनीच्या बेसवर असं बसवलं की मधे नख शिरणार नाही. मी म्हटलं, “एवढा खटाटोप कशाला? सरळ जोडीचं आणा की.” तर म्हणे, “हे पुरतं गोल आहे, त्यांचं चपटं; हेच हाताला बरं पडतं.” थापा! त्या स्टीअरिंगवर लेकीच्या अंगठ्यांनी झिजलेल्या दोन जागा आहेत, आणि हा बाबा नेमके तिथेच अंगठे ठेवतो. मला काय डोळे नाहीत?

मागच्या महिन्यात दुसऱ्याच फेरीला सगळी बटणं बंद पडली आणि गाडी शर्यतीबाहेर गेली. लेक वैतागली. “बाबा, ते जुनं फेकून द्या, त्याच कंपनीचं घ्या. परत असं झालं तर मी ऑफिसमधल्या एकाला जोडीला घेईन, तो कधीचा मागे लागलाय.” हे पटकन म्हणाले, “घेतलंय. कालच मागवलं.” मी दारात उभी होते. माझ्याकडे बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही त्यांची.

मग दुरुस्ती सुरू झाली. बटणं आणि गिअरच्या पट्ट्या चालायला स्टीअरिंगपासून कॉम्प्युटरपर्यंत वेगळी केबल न्यावी लागते; आधीची नुसती लोंबत होती, ती निसटली होती. ह्यांनी कडीत केबलच्या जाडीचं भोक पाडलं आणि ती ताणून आवळून टाकली. मी जन्मभर कपडे शिवते, मला बघवेना. “अहो, शिवणीत सोडतात तशी थोडी माया सोडा, जरा ढिली ठेवा. चाक फिरलं की ओढली जाईल.”

“हे शिवणकाम नाही. फिट म्हणजे फिट.”

शर्यतीच्या दिवशी लेकीनं पहिली पाळी झकास काढली, गाडी सातव्या नंबरवर ह्यांच्या हाती दिली. हेही बरे चालवत होते. वीस मिनिटं उरली असताना एक अवघड वळण आलं, ह्यांनी चाक पूर्ण फिरवलं, आणि ‘टक्’. केबल तुटली. चाक वळत होतं, पण गिअर तिसऱ्यावर अडकला. मागच्या दोन गाड्या भर्रकन पुढे गेल्या.

“संपलं,” हे हळूच म्हणाले. शर्यतीचं नाही बोलत होते ते. रविवारचे ते दोन तास गेले की ह्या घरात बापलेकीचं बोलणंच उरणार नव्हतं.

“अहो, परवा तपासताना गिअर कीबोर्डवर ठेवले होते ना?”

“माझे दोन्ही हात चाकावर आहेत!”

“माझे रिकामे आहेत की. कुठली बटणं?”

पुढची वीस मिनिटं काय सांगू! “वर! वर! खाली! अगं, खाली म्हटलं!” “ओरडू नका, बोट घसरतं!” “दोनदा खाली!” “मग आधीच दोनदा म्हणायचं!” एका वळणावर मी वरचं दाबायच्या ऐवजी खालचं दाबलं आणि गाडीनं असा टाहो फोडला की मी देवाचं नाव घेतलं. पण पोचलो बाई. नववे आलो.

माईक ह्यांनी बंद केला नव्हता, ते तेव्हा कळलं.

“आई,” लेकीचा आवाज आला, “गिअर तू टाकत होतीस?” आणि लगेच, “बाबा, नव्या स्टीअरिंगची केबल तुटलीच कशी?”

हे केबलचं तुटकं टोक चाचपत बसले. माझं डोकंच फिरलं. माईक ओढून म्हटलं, “नवं कसलं डोंबलाचं! तुझंच आहे ते, दुसऱ्याच्या बेसवर बसवलेलं. तुझं आहे म्हणून टाकवत नाही ह्यांना, आणि तोंड उघडून सांगवतही नाही!”

ती तिकडे नाक ओढत म्हणाली, “बाबा, डावीकडचं लाल बटण अजून अडकतं?”

“नाही. मी उघडून साफ केलं.”

“शनिवारी येते मी. केबल मीच लावणार. आणि ढिली ठेवणार.”

“ठेव. पाहिजे तेवढी ढिली ठेव.” मग माझ्याकडे न बघता, खालच्या आवाजात, “आणि तो तुझा ऑफिसमधला?”

“राहू द्या त्याला. त्याच्याकडे गिअर टाकायला आई कुठाय?”

हे हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.